समन्स घेणारा माणूस

कंपनी ही कायद्याने घडवलेली व्यक्ती. ती करार करते, कर्ज काढते, जमिनी घेते, दुसऱ्यावर दावेही लावते. पण तिच्यावर दावा लावायची वेळ आली की पहिली अडचण येते ती बेलिफाची. समन्स कुणाच्या हातात द्यायचे? माणूस असेल तर त्याचे घर असते. घरी तो नसला तर घरचे कुणी असते. तेही नसले तर दारावर नोटीस चिकटवता येते. कंपनीचे संचालक एका शहरात, गोदाम दुसऱ्या शहरात आणि भागधारक दहा गावांत विखुरलेले असतात. अमेरिकेत या अडचणीवर जी तोड निघाली तिचे नाव रजिस्टर्ड एजंट. कंपनी ज्या राज्यात नोंदलेली आहे आणि ज्या ज्या राज्यात धंद्याची परवानगी घेते, त्या प्रत्येक राज्यात तिने एक माणूस किंवा संस्था नेमायची, त्याचा खराखुरा पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा आणि कामाच्या वेळेत तिथे कागद घ्यायला कुणीतरी असलेच पाहिजे. त्याच्या हाती पडलेले समन्स कंपनीच्या हाती पडले असे कोर्ट धरते. आज ही सेवा वर्षाला शंभरेक डॉलरमध्ये मिळते आणि नवा उद्योग सुरू करणारा तिच्याकडे फॉर्ममधला एक रकाना म्हणून पाहतो. मला हे पाहणे अपुरे वाटते. या पदाचा दोनशे वर्षांचा माग काढला तर दिसते की हा माणूस मुळात कंपनीच्या सोयीसाठी जन्मलाच नाही. परक्या कंपनीला आपल्या हद्दीत कमाई करू देताना राज्यांनी आपल्या नागरिकांसाठी तिच्याकडून मागून घेतलेला तो जामीन आहे. पुढे काही राज्येच कंपन्यांच्या नोंदणीवर जगू लागली, तेव्हा त्या जामिनाचे वजन घटले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी परिस्थिती कंपन्यांच्या बाजूने विलक्षण झुकलेली होती. इंग्लंडकडून आलेल्या जुन्या कायद्याप्रमाणे कंपनीवरचे समन्स तिच्या मुख्य अधिकाऱ्यावर बजावायचे, आणि तेही जिथे तिचा जन्म झाला त्याच हद्दीत. १८१९ साली न्यूयॉर्कच्या कोर्टापुढे कनेटिकटमधल्या मिडलटाउन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे प्रकरण आले, त्यात हा नियम स्पष्ट झाला: कंपनीचा अध्यक्ष स्वतः न्यूयॉर्कला आला तरी तो येताना कंपनीला सोबत आणत नाही, राज्याची सीमा ओलांडली की तो एक साधा प्रवासी. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, बँक ऑफ ऑगस्टा विरुद्ध अर्ल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी कंपनीचे वास्तव्य तिच्या जन्मराज्यातच असते, ती दुसऱ्या राज्यात स्थलांतर करू शकत नाही, असे सांगितले. पण त्याच निकालात त्यांनी हेही मान्य केले की ती आपल्या एजंटांमार्फत परराज्यात करार करू शकते, जोवर ते राज्य तिला मनाई करत नाही. जॉर्जियातल्या बँकेने अलाबामातल्या मोबील शहरात हुंड्या विकत घेतल्या होत्या आणि त्या पटणार की नाही एवढाच वाद होता. निकाल बँकेच्या बाजूने लागला. या दोन नियमांची बेरीज काय झाली ते पाहावे. कंपनीचा हात कोणत्याही राज्यात पोचतो, पण तिच्यापर्यंत पोचायचे तर तिच्या जन्मगावीच जावे लागते. विकताना ती सगळीकडे हजर, जाब देताना एकाच ठिकाणी.

ही विषमता सर्वांत आधी टोचली ती विम्यात, आणि त्याला कारण विम्याच्या धंद्याच्या घडणीतच आहे. कापड किंवा लोखंड विकणाऱ्या परराज्यातल्या व्यापाऱ्याशी गिऱ्हाइकाचा व्यवहार माल हातात आला की बहुतेक संपतो. विम्यात गिऱ्हाईक आधी पैसे देते आणि बदल्यात त्याला मिळते ते निव्वळ वचन. ते पाळायची वेळ आग लागल्यावर येते. हप्ता ओहायोत गोळा होतो, गोदाम ओहायोत जळते आणि तिजोरी मात्र शेजारच्या राज्यात असते. घर जळून बसलेल्या माणसाने परमुलखात वकील शोधावा, साक्षीदारांना घेऊन जावे, खर्च करावा, ही अपेक्षाच त्याचा दावा मारून टाकणारी होती. म्हणून ओहायोने कायदा केला की परराज्यातल्या विमा कंपनीचा जो एजंट इथे पॉलिसी विकतो, त्याच्यावर बजावलेले समन्स कंपनीला बांधील राहील. १८५५ च्या सत्रात लाफाएट इन्शुरन्स कंपनी विरुद्ध फ्रेंच हा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. कंपनी इंडियानाची, पॉलिसी सिनसिनाटीत दिलेली, समन्स तिथल्या एजंटावर बजावलेले. न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी सांगितले की ओहायोत धंदा करायचा तर ओहायोची अट मान्य केलीच, असे धरले जाईल. मात्र अशी अट संविधानाच्या आणि नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असता कामा नये, म्हणजेच बचावाची संधी न देता कुणाला दोषी धरता येणार नाही. या निकालातला हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. समन्स घेणारा माणूस असा हवा की त्याच्याकडून बातमी कंपनीपर्यंत जाईल असे मानायला जागा असावी. या एका अपेक्षेवरच सगळी रचना उभी आहे.

१८६९ च्या पॉल विरुद्ध व्हर्जिनिया या निकालाने राज्यांचा हात आणखी बळकट केला. व्हर्जिनियाने १८६६ मध्ये परराज्यांतल्या विमा कंपन्यांकडून परवाना आणि अनामत मागायला सुरुवात केली होती. पीटर्सबर्गच्या सॅम्युअल पॉल या एजंटाने न्यूयॉर्कच्या कंपन्यांच्या पॉलिसी परवान्याविना विकल्या आणि त्याला पन्नास डॉलर दंड झाला. कंपनी ही नागरिक नाही, तिला परराज्यात जाऊन धंदा करण्याचा उपजत हक्क नाही, राज्य तिला अटींवर आत घेऊ शकते, असे न्यायालयाने ठरवले. मग अटी घालणे नित्याचे झाले आणि त्या अटींत एक कलम हटकून असे: आमच्या हद्दीत एक माणूस नेमा. पुष्कळ राज्यांनी तर विमा अधीक्षक किंवा राज्याचा सचिव असा सरकारी अधिकारीच कंपनीचा समन्स-प्रतिनिधी ठरवून टाकला. एजंट नोकरी सोडून जातो, दुकान बंद करतो, पण सरकारी कचेरी जागची हलत नाही.

समन्स हाती पडण्याला एवढे महत्त्व का, हे १८७८ च्या पेनॉयर विरुद्ध नेफ या खटल्याइतके दुसऱ्या कशातून कळत नाही, आणि त्यात कंपनी कुठेच नाही. ऑरिगनमधल्या जॉन मिचेल या वकिलाची तीनशे डॉलरपेक्षाही कमी फी मार्कस नेफ याच्याकडे थकली होती. नेफ राज्य सोडून गेलेला. मिचेलने दावा लावला आणि नोटीस एका धार्मिक साप्ताहिकात सहा आठवडे छापून आणली. नेफच्या वाचनात ती येणे जवळजवळ अशक्य होते. निकाल एकतर्फी झाला, नेफची जमीन शेरिफने लिलावात विकली आणि ती अखेर सिल्वेस्टर पेनॉयर यांच्याकडे गेली. पुढे मिचेल सिनेटर झाले आणि पेनॉयर ऑरिगनचे गव्हर्नर. नेफ परतला, जमिनीसाठी भांडला आणि जिंकला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी सांगितले की राज्याच्या हद्दीत प्रत्यक्ष समन्स बजावल्याशिवाय परक्या माणसावर वैयक्तिक देण्याचा निकाल लादता येत नाही. पण त्याच निकालपत्रात त्यांनी एक दार उघडे ठेवले: आपल्या हद्दीत भागीदारी, संघटना किंवा करार करणाऱ्या परक्याला, समन्स घेण्यासाठी इथे एक प्रतिनिधी नेमा, असे राज्य सांगू शकते. नेफसारख्याचे रक्षण आणि नेफच्या धनकोची सोय, दोन्ही एकाच माणसाच्या नेमणुकीत साधत होते. वर्तमानपत्रातली जाहिरात हा शोधण्याचा देखावा होता. नेमलेला प्रतिनिधी म्हणजे शोधण्याची गरजच संपली. कंपन्या इतरत्र धंदा करून घरीच जाब देतात हा अन्याय होता आणि राज्यांचे हे कायदे त्याच्यावरचा उपाय आहेत, हे फील्ड यांनी चार वर्षांनी सेंट क्लेअर विरुद्ध कॉक्स या निकालात मोकळेपणाने मांडले.

मोटार आल्यावर हीच कल्पना माणसांनाही लागू झाली. न्यू जर्सीने १९०६ मध्ये बाहेरच्या मोटारचालकांना राज्याच्या सचिवाला आपला समन्स-प्रतिनिधी नेमणे सक्तीचे केले. मॅसॅच्युसेट्सने त्याही पुढे जाऊन आमच्या रस्त्यावर गाडी चालवली म्हणजे नेमणूक झालीच असे धरले, आणि १९२७ साली हेस विरुद्ध पावलोस्की या खटल्यात न्यायालयाने ते मान्य केले. कारण तिथे समन्सची प्रत रजिस्टर पोस्टाने चालकाला पाठवणे आणि पोच घेणे बंधनकारक होते. पुढच्याच वर्षी वुख्टर विरुद्ध पिझुटी हा खटला आला आणि त्याचा निकाल नेमका उलटा लागला. न्यू जर्सीच्या कायद्यात सचिवाला समन्स दिले की काम संपत होते. सचिवाने ते चालकाला कळवावे असे कुठेच लिहिलेले नव्हते. प्रत्यक्षात त्या चालकाला पेन्सिल्व्हेनियात नोटीस मिळाली होती. तरी न्यायालयाने कायदा अवैध ठरवला. बातमी योगायोगाने पोचली म्हणून भागत नाही. ती पोचवण्याचे बंधनच कायद्यात असले पाहिजे. प्रतिनिधी हा नुसता स्वीकारणारा नसतो, पुढे देणाराही असतो, आणि दुसरे कर्तव्य काढून घेतले तर पहिले फसवणूक ठरते, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच सांगितले गेले आहे.

याच काळात दुसऱ्या बाजूने एक धंदा उभा राहत होता. न्यू जर्सीने १८८९ पासून कंपन्यांना दुसऱ्या कंपन्यांचे भाग धारण करायला मोकळीक दिली, १८९६ मध्ये कायदा नव्याने लिहिला आणि देशभरातल्या मोठ्या भांडवलाला आपल्याकडे ओढले. या कंपन्यांचे कारखाने आणि मालक न्यू जर्सीत नव्हते, पण कायद्याला तिथे एक कचेरी आणि समन्स घेणारा एक माणूस हवा होता. मग ती कचेरी पुरवणे हाच धंदा झाला. जेम्स डिल या वकिलाच्या पुढाकाराने १८९२ मध्ये कॉर्पोरेशन ट्रस्ट कंपनी निघाली आणि शेकडो कंपन्यांचा कायदेशीर पत्ता तिच्या एका इमारतीत आला. डेलावेअरने १८९९ मध्ये जवळपास तसाच कायदा केला. १९१३ मध्ये गव्हर्नर वुड्रो विल्सन यांच्या आग्रहाने न्यू जर्सीने मक्तेदारीविरोधी कडक कायदे केले, तेव्हा कंपन्यांचा ओघ डेलावेअरकडे वळला आणि तिथेच राहिला. आज जेमतेम दहा लाख वस्तीच्या या राज्यात वीस लाखांहून जास्त कंपन्या आणि तत्सम संस्था नोंदलेल्या आहेत. विल्मिंग्टन शहरातल्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एका साध्या इमारतीच्या पत्त्यावर सुमारे २,८५,००० व्यवसाय नोंदलेले असल्याचे २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लिहिले होते. जी अट राज्याने आपल्या नागरिकांसाठी परक्यांवर घातली, तीच अट इथे राज्याने परक्यांना विकायच्या मालाचा भाग झाली. ओहायोतल्या जळालेल्या गोदामाच्या मालकाचा डेलावेअरच्या हिशेबात पत्ताच नाही. तिथे गिऱ्हाईक म्हणजे कंपनी, आणि तिची फी राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार.

इथेच माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप उभा राहतो. असा एजंट जाब देण्याचे साधन कसला, तो तर बुरखा आहे. त्याच्या पत्त्याआड खरा मालक लपतो. २०१६ मध्ये पनामा पेपर्स बाहेर आले. मोसॅक फोन्सेका ही पनामातली फर्म दोन लाखांहून अधिक कंपन्यांसाठी नेमके हेच काम करत होती आणि तिच्या सेवेचा वापर करून कित्येकांनी संपत्ती लपवल्याचे १ कोटी १५ लाख कागदांतून दिसले. आक्षेप खरा आहे आणि त्याला हलके उत्तर देऊन चालणार नाही. पण त्यात दोन प्रश्न एकत्र झाले आहेत. कंपनीला समन्स कुठे द्यायचे हा एक, आणि कंपनी कुणाची हा दुसरा. एजंटाची जुनी अट पहिल्याचे उत्तर म्हणून घडली. दुसऱ्याचे उत्तर तिच्याकडून कुणी मागितलेच नव्हते. डेलावेअरच्या आजच्या कायद्यात कंपनीने आपल्या एजंटाला संपर्कासाठी एका खऱ्या माणसाचे नाव, पत्ता आणि फोन द्यावा लागतो, न दिल्यास एजंट राजीनामा देऊ शकतो, आणि त्यानंतर तीस दिवसांत नवा एजंट नेमला नाही तर कंपनीची सनदच जाते. गैरवर्तन करणाऱ्या एजंटाला तिथले चॅन्सरी कोर्ट या कामापासून रोखू शकते. म्हणजे दुवा आहे. त्या दुव्याच्या पलीकडे मालकापर्यंत जाण्याची सक्ती नाही. ती सक्ती आणणारा केंद्रीय कायदा अमेरिकन काँग्रेसने २०२१ च्या आरंभी केला, २०२४ पासून माहिती भरणे सुरूही झाले, आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने देशांतर्गत कंपन्यांना त्यातून वगळले. दोष त्या माणसाच्या असण्यात नाही, त्याच्यावर टाकलेले काम फार थोडे असण्यात आहे. पनामातली ती फर्म कागद साठवत होती म्हणूनच शोधकांना काही सापडले, हेही नजरेआड करू नये.

दुसरा आक्षेप कायद्याच्या अभ्यासकांचा. १९४५ साली इंटरनॅशनल शू विरुद्ध वॉशिंग्टन या निकालाने चित्रच पालटले, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. सेंट लुईसची ही बुटांची कंपनी वॉशिंग्टन राज्यात कचेरी ठेवत नव्हती. तिचे डझनभर विक्रेते जोडीतला एकेकच बूट नमुना म्हणून दाखवत आणि मागणी मुख्यालयाला कळवत. तरी तिथला तिचा संबंध पुरेसा आहे, तिथे तिने जाब द्यावा, असे सरन्यायाधीश हार्लन स्टोन यांनी ठरवले. हजेरीऐवजी संबंध पाहायचा तर नेमलेल्या माणसाची गरज काय, आणि आता ईमेल असताना तर मुळीच काय? माझे उत्तर असे की कोर्टाचा अधिकार आणि कागद पोचणे या निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी संबंध पुरतो. दुसऱ्यासाठी कुठेतरी एक दार लागते आणि ते उघडणारा कुणीतरी. ईमेल मिळाला नाही असे म्हणणे सोपे असते. नोंदलेल्या कचेरीत दिलेल्या समन्सची पोच नाकारता येत नाही. आणि अधिकाराच्या बाबतीतही जुनी नेमणूक मेलेली नाही. १९७७ मध्ये भागधारकांच्या एका दाव्यात कंपनीच्या संचालकांवर डेलावेअरचा अधिकार चालत नाही असा निकाल आला, तेव्हा काही दिवसांतच डेलावेअरने कायदा केला की संचालकपद स्वीकारणारा कंपनीच्या एजंटालाच आपलाही समन्स-प्रतिनिधी मान्य करतो. २०२३ मध्ये रेल्वेच्या एका माजी कामगाराने पेन्सिल्व्हेनियात लावलेल्या दाव्यात, तिथे धंद्याची नोंदणी करताना कंपनीने त्या राज्याच्या कोर्टांचा अधिकार मान्य केला, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला, आणि आधार घेतला तो १९१७ च्या एका विमा खटल्याचा. कंपन्यांना हा निकाल जाचक वाटला. पण ज्या राज्यात रूळ टाकून कमाई करायची तिथे उत्तरही द्यायचे, यापेक्षा जास्त त्यात काही मागितलेले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. कंपनी कायद्यात नोंदणीकृत कार्यालय सक्तीचे आहे. त्याच्या बाहेर कंपनीचे नाव त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही लावावे लागते, म्हणून मुंबई-पुण्यात ते देवनागरीत हवे. दिवाणी संहितेप्रमाणे कंपनीचे समन्स चिटणीसावर, संचालकावर किंवा याच कार्यालयात बजावता येते. परदेशी कंपन्यांसाठी १९५६ च्या कायद्यातले कलम ५९२ आणि २०१३ च्या कायद्यातले कलम ३८० हे ओहायोच्या अटीचे थेट वंशज म्हणता येतील: भारतात धंद्याचे ठिकाण उघडल्यापासून तीस दिवसांत, समन्स घ्यायला अधिकृत असलेल्या भारतात राहणाऱ्या माणसाचे नाव आणि पत्ता निबंधकाकडे द्यायचा. २०१३ च्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक मार्गाने चालणारा धंदाही धरला आहे. कागदावर हे पुरेसे रुंद आहे. तरी २०२१ मध्ये सरकारला समाजमाध्यमांसाठी वेगळे नियम काढावे लागले, आणि पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना भारतात राहणारे तक्रार अधिकारी आणि अनुपालन अधिकारी नेमायला सांगावे लागले. त्या नियमांतल्या मजकूर काढून टाकण्याच्या तरतुदींवर गंभीर आक्षेप आहेत आणि ते योग्य आहेत. पण निवासी अधिकाऱ्याची अट त्यांच्याबरोबर फेकून देण्यासारखी नाही.

खरी पळवाट मात्र याहून साधी आहे. परदेशी कंपनी इथे स्वतः येत नाही, एक भारतीय उपकंपनी काढते. उपकंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती, म्हणून तिच्यावर बजावलेले समन्स मूळ कंपनीवर बजावले असे होत नाही, आणि मूळ कंपनीला इथे कुणाला नेमायचे कारण उरत नाही. गेल्या दशकात मुंबई-पुणे-बंगळुरूच्या कित्येक नवउद्योगांनी परदेशी गुंतवणुकीसाठी आपली मूळ कंपनी डेलावेअरला नोंदवली. त्यांतल्या काहींनी आता ती परत आणली आहे. ज्यांनी आणलेली नाही, त्यांच्या पुण्यातल्या कर्मचाऱ्याला मूळ कंपनीचे भाग देण्याचे वचन मिळालेले असते, आणि ते पाळले गेले नाही तर त्याचा प्रतिवादी उपकंपनी नसून ती मूळ कंपनीच असते. तिचा समन्स घेणारा माणूस विल्मिंग्टनला आहे, आणि सिनसिनाटीच्या पॉलिसीधारकासाठी ओहायोने जे मागितले ते या कर्मचाऱ्यासाठी कुणी मागितलेले नाही. कलम ३८० मध्ये एवढीच भर घातली तर पुरेल, की ज्या परदेशी कंपनीची भारतीय उपकंपनी आहे आणि जिने भारतातल्या माणसांना थेट भाग किंवा देणे कबूल केले आहे, तिने त्या देण्यापुरते त्या उपकंपनीलाच आपले समन्स घेण्याचा अधिकार द्यावा.